सामंजस्य करार सात, प्रकल्प शून्य: उद्योगांशी संशोधनाची भागीदारी कोठून सुरू करावी?

समन्वयक_नवा यांचा प्रश्न

नमस्कार. मी एका सरकारी विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाने उद्योग-संशोधन कक्ष स्थापन केला. ज्या बैठकीत समन्वयक नेमायचा होता, तिला मी गैरहजर होतो आणि म्हणूनच ते पद माझ्याकडे आले. कक्षाच्या कपाटात आज सात सामंजस्य करार आहेत. प्रत्येकावर कुलगुरूंची आणि कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याची सही आहे, प्रत्येकाच्या समारंभाचे छायाचित्र वार्षिक अहवालात छापून आले आहे आणि सातांपैकी एकाही करारातून अद्याप एकही संशोधन प्रकल्प उभा राहिलेला नाही.

अडचणी मला दिसतात तशा मांडतो. मोठ्या कंपन्यांचे तंत्रज्ञान परदेशातील मूळ कंपनीकडून किंवा परवान्यावर येते. तेथील अधिकारी आमच्याशी सौजन्याने बोलतात, परंतु आराखड्यातला एक स्क्रू बदलायचा झाला तरी परवानगी समुद्रापलीकडून यावी लागते, त्यामुळे त्यांना आमच्याकडून मनुष्यबळ हवे असते, संशोधन नको असते. छोट्या कारखान्यांत संशोधन विभागच नसतो, मालकांचे म्हणणे एवढेच असते की, "सर, नमुना तपासून द्या आणि दोन मुले प्रशिक्षणाला पाठवा." आमच्या बाजूचे चित्रही फारसे बरे नाही. प्राध्यापकांची पदोन्नती शोधनिबंधांच्या संख्येवर ठरते आणि कारखान्यात घालवलेल्या महिन्यांची नोंद कोठेच होत नाही. कंपनीकडून आलेला पैसा वित्त विभागाच्या लेखी सरकारी अनुदानच असतो; म्हणून एका सेन्सरसाठी तीन दरपत्रके, खरेदी समिती आणि चार महिने लागतात, आणि तोवर ज्याला उत्तर हवे होते त्याने आपली वाट दुसरीकडे शोधलेली असते.

सुरुवात मोठ्या कंपनीपासून करावी की छोट्या? संशोधनातून पेटंट निघाले तर ते कोणाचे, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतो आणि तेथेच बोलणे अडते. त्यातून वाट कशी काढावी? आणि सरकारी योजनांची वाट न पाहता विद्यापीठाला स्वतःच्या बळावर काय करता येईल? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे किंवा करताना हात पोळून घेतले आहेत, त्यांनी लिहावे ही विनंती.

भट्टीजवळचा

आपण टेबलाच्या ज्या बाजूला बसला आहात तिच्या समोरच्या बाजूला मी अठ्ठावीस वर्षे बसलो. अॅल्युमिनियमचे ओतकाम करणाऱ्या एका मध्यम कारखान्यात प्रक्रिया सुधारणेचे काम माझ्याकडे होते. त्याला संशोधन विभाग असे नाव कोणी दिले नव्हते. मी, एक मदतनीस आणि एक जुना सूक्ष्मदर्शक एवढाच तो विभाग होता. विकसनशील देशांतल्या बहुतेक कारखान्यांचे 'संशोधन' असेच कोणाच्या तरी टेबलाच्या कोपऱ्यावर चालते आणि विद्यापीठाने शोधायचा असतो तो हा कोपऱ्यातला माणूस. सामंजस्य करारावर सही करणारा अधिकारी आणि सकाळी पाळी बदलताना बाद झालेल्या कास्टिंगचा ढीग मोजणारा अधिकारी, हे दोन वेगळे लोक आहेत. पहिल्याला आपल्याकडून काही नको असते. दुसऱ्याला हवे असते, पण आपल्या समारंभाला त्याला कोणी बोलावत नाही.

आमच्याकडे हवेतील दमटपणा वाढला की कास्टिंगमध्ये बारीक छिद्रे पडत आणि रिजेक्शन वाढे. कारण पुस्तकात लिहिलेलेच आहे: वितळलेले अॅल्युमिनियम ओलाव्यातून हायड्रोजन शोषते, घट्ट होताना तो धरून ठेवण्याची त्याची क्षमता एकदम घसरते आणि बाहेर पडणारा वायू छिद्रांच्या रूपाने अडकून राहतो. आम्ही विद्यापीठाकडे गेलो. तेथील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी साच्यातील घनीभवनाच्या संगणकीय प्रतिरूपाचा दोन वर्षांचा प्रस्ताव दिला. प्रस्ताव उत्तम होता. पण आमच्या मालकांनी त्याचे शेवटचे पान पाहिले, कालावधी वाचला आणि फाइल मिटली.

पुढच्या वर्षी त्याच विभागातील एक तरुण अध्यापक प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाला बरोबर घेऊन आले. त्यांनी प्रस्ताव आणला नव्हता, निर्वात चाचणीचे छोटे उपकरण आणले होते. या चाचणीत वितळलेल्या धातूचा लहानसा नमुना कमी दाबाखाली घट्ट होऊ देतात, म्हणजे आतला वायू फुगून छिद्रे मोठी दिसतात. मग नमुना कापून पाहतात आणि त्याची घनता साध्या हवेत घट्ट झालेल्या नमुन्याशी ताडतात. दोघे सलग तीन पाळ्या भट्टीपाशी उभे राहिले, दर तासाला नमुना घेतला आणि प्रत्येकावर खडूने वेळ लिहिली. सकाळी नमुने कापून पाळीवार ओळीत मांडले, तेव्हा रात्रपाळीची ओळ स्पंजासारखी दिसत होती. रात्री धातूच्या लाद्या शेडच्या उघड्या दाराजवळून उचलून न तापवताच भट्टीत जात होत्या, आणि वायू काढण्यासाठी धातूत नायट्रोजन सोडणाऱ्या ग्रॅफाइटच्या रोटरची पाती इतकी झिजली होती की बुडबुडे बारीक न होता मोठे मोठे होऊन वर येत होते. मोठे बुडबुडे म्हणजे पृष्ठभाग कमी, आणि पृष्ठभाग कमी म्हणजे हायड्रोजन धातूतच राहिला. सहा आठवड्यांत दोन्ही गोष्टी सुधारल्या. बिल छोटेसे होते, मालकांनी त्याच दिवशी मंजूर केले.

याला संशोधन म्हणायचे का, असे आपल्यातील कोणी विचारेल. नाही, हे संशोधन नव्हते. पण पुढचा प्रश्न आमच्याकडून आला आणि तो संशोधनाचा होता. हायड्रोजनचे प्रमाण जवळजवळ सारखे असलेल्या दोन भट्ट्यांच्या धातूत छिद्रांची संख्या इतकी वेगळी का येते? उत्तर धातूत गुंडाळल्या जाणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्यांपर्यंत गेले, कारण वायूला छिद्र सुरू करण्यासाठी असा एखादा आडोसा लागतो. त्यावर एक पीएचडी झाली आणि तिचा खर्च आमच्या कारखान्याने दिला. ज्या मालकांनी दोन वर्षांचा प्रस्ताव मिटून ठेवला होता, त्यांनीच साडेतीन वर्षांचा प्रकल्प मंजूर केला, कारण दरम्यानच्या काळात त्यांनी समोरच्या माणसाला भट्टीजवळ घाम गाळताना पाहिले होते.

म्हणून माझे उत्तर असे की सुरुवात मध्यम आकाराच्या आणि जेथे निदान एक अभियंता स्वतःची नोंदवही ठेवतो अशा कारखान्यापासून करावी. पहिले काम छोटे असावे, त्याला अखेरची तारीख असावी आणि ते फुकट नसावे. फुकट करून दिलेल्या कामाचा अहवाल कोणी वाचत नाही, हे मी स्वतःच्या टेबलावरील अहवालांच्या अनुभवाने सांगतो. नमुने तपासून देण्याच्या कामाला कमी लेखू नये. तपासणीसाठी येणाऱ्या नमुन्याबरोबर कारखान्याचे दुखणे आपल्या दारात आपसूक येते, फक्त अहवालाच्या खाली 'हे असे का झाले असावे' याच्या दोन ओळी लिहिणारा कोणी हवा.

परदेशी मूळ कंपनी असलेल्या मोठ्या कारखान्यांकडे आराखडा बदलण्याची भाषा घेऊन जाण्यात अर्थ नाही. पण येथील भंगाराची प्रत, शीतकरणाच्या पाण्याचा जडपणा, हवेतील धूळ, विजेच्या दाबातले चढउतार, यांची उत्तरे मूळ कंपनीकडेही नसतात, कारण तिच्या देशात हे प्रश्न या रूपात उभेच राहिलेले नसतात. त्यांच्या देखभाल विभागाला गाठावे. तेथे परवानगी समुद्रापलीकडून आणावी लागत नाही.

करार_कक्ष

मी एका विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयात करारांचे मसुदे तयार करते. पेटंट कोणाचे, या प्रश्नावर बोलणे अडते याचे कारण बहुतेक वेळा असे असते की तो प्रश्न चुकीच्या कामासाठी विचारलेला असतो. तपासणी, सल्ला, प्रायोजित संशोधन आणि संयुक्त संशोधन ही चार वेगळी कामे आहेत आणि चौघांना एकच मसुदा लावला की भांडण ठरलेले. नमुना तपासून दिला तर निष्कर्ष पैसे देणाऱ्याचा, तेथे बौद्धिक संपदेचे कलम दोन ओळींत संपते. भट्टीजवळचा यांनी सांगितलेले सहा आठवड्यांचे काम सल्ल्याचे होते. त्यानंतरच्या पीएचडीला मात्र खरा करार लागतो.

त्या खऱ्या करारात पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंनी आधीपासून जवळ असलेल्या ज्ञानाची यादी जोडणे. हे आम्ही वर्षानुवर्षे टाळत आलो, कारण ती यादी करणे कंटाळवाणे असते. परंतु प्रकल्पाच्या अखेरीस 'हे तर आम्हाला आधीच माहीत होते' असे दोन्ही पक्ष म्हणू लागतात तेव्हा त्या एका पानाची किंमत कळते. दुसरी गोष्ट, मालकी आणि वापराचा हक्क यांची गाठ सोडवणे. कंपनीला पेटंटचे कागद भिंतीवर लावायचे नसतात, तिला प्रतिस्पर्ध्याच्या आधी ते वापरायचे असते. मालकी विद्यापीठाची आणि कंपनीला तिच्या उत्पादनक्षेत्रापुरता अनन्य, म्हणजे फक्त तिलाच मिळणारा, परवाना, अशी मांडणी केली की निम्म्या बैठका वाचतात. त्यात एक कलम अवश्य घालावे: ठरलेल्या मुदतीत कंपनीने ते तंत्र वापरात आणले नाही, तर अनन्यता संपेल. या कलमाशिवाय दिलेला परवाना म्हणजे कपाटातला आठवा सामंजस्य करार.

नव्या मसुद्यांसाठी कोरा कागद घेऊन बसू नये. ब्रिटनमध्ये 2005 पासून लॅम्बर्ट टूलकिट या नावाने नमुना करारांचा एक संच खुला उपलब्ध आहे. त्यात मालकी पूर्णपणे विद्यापीठाकडे राहण्यापासून पूर्णपणे कंपनीकडे जाण्यापर्यंतच्या निरनिराळ्या वाटण्या दिल्या आहेत. आपल्या देशाच्या कायद्यानुसार तो बदलून घ्यावा लागतो, पण 'आमच्या वकिलांचा मसुदा' आणि 'तुमच्या वकिलांचा मसुदा' यांच्या कुस्तीपेक्षा तिसऱ्याच कोणाच्या मसुद्यावर बोलणे सोपे जाते.

प्रकाशनाबाबत आमचा नियम असा की शोधनिबंध पाठवण्यापूर्वी कंपनीला तीस दिवस वाचायला द्यायचा आणि पेटंट अर्ज करायचा असल्यास आणखी साठ ते नव्वद दिवस थांबायचे, त्याहून अधिक नाही. कंपनीला आपली गोपनीय आकडेवारी वगळायला सांगता येते, निष्कर्ष दडपायला सांगता येत नाही. येथे आपल्या प्राध्यापकांनाही समज द्यावी लागते. अमेरिकेत स्वतःच्या प्रकाशनानंतर अर्ज करण्यासाठी एक वर्षाची सवलत आहे, परंतु युरोपीय पेटंट व्यवस्थेत अशी सर्वसाधारण सवलत नाही. परिषदेत दाखवलेले एक भित्तिपत्रकसुद्धा पेटंटसाठी लागणारे नावीन्य घालवू शकते. आमच्या एका चांगल्या शोधाचे नावीन्य असेच परिषदेच्या चहापानाच्या वेळेत गेले आणि ते भित्तिपत्रक लावायला मीच मदत केली होती.

शब्दांबद्दल एक प्रकरण सांगते, कारण मसुद्यात असे चालते तसे चालते म्हणणाऱ्यांना ते ऐकवण्यासारखे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका संशोधकाने नोकरीत येताना आपल्या शोधांचे हक्क विद्यापीठाला 'देण्याचे मान्य करतो' अशा अर्थाच्या कागदावर सही केली होती. पुढे तो एक तंत्र शिकण्यासाठी सीटस या कंपनीत जाऊ लागला आणि तेथे अभ्यागत म्हणून त्याने ज्या गोपनीयता करारावर सही केली, त्यात हक्क 'याद्वारे देत आहे' असे शब्द होते. कंपनीचा त्या तंत्राचा व्यवसाय नंतर रॉश या औषधकंपनीने घेतला, एचआयव्हीच्या चाचणीवरून वाद झाला आणि 2011 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात विद्यापीठ हरले. भविष्यात देईन आणि आत्ता दिले, या फरकापासूनच सारे सुरू झाले. आपले प्राध्यापक आणि विद्यार्थी कारखान्याच्या फाटकावर कोणत्या वहीत काय लिहून देतात, हे आपण कधी वाचले आहे का?

त्याच निकालाने अमेरिकेच्या 1980 च्या बाय-डोल कायद्याविषयीचा एक गैरसमजही दूर केला. तो कायदा सरकारी पैशातून झालेल्या शोधांबद्दल आहे, आणि तोही विद्यापीठाला आपोआप मालक करत नाही. अनेक विकसनशील देशांनी त्याच्या धर्तीवर कायदे केले, त्यांपैकी दक्षिण आफ्रिकेच्या 2008 च्या कायद्यातील एक तरतूद आपल्या कामाची आहे: खाजगी कंपनीने संशोधनाचा पूर्ण खर्च, म्हणजे अप्रत्यक्ष खर्चासह, उचलला तर ते संशोधन सरकारी पैशाचे मानले जात नाही आणि मालकीची वाटाघाट मोकळी होते. येथे खरी ग्यानबाची मेख 'पूर्ण खर्च' या शब्दांत आहे. प्राध्यापकाचे तास, प्रयोगशाळेचे वीजबिल, यंत्राचा घसारा, कार्यालयाचा खर्च यांचा हिशेब आपल्यापैकी किती विद्यापीठांकडे तयार असतो? तो नसला की आपण कंपनीकडून रसायनांचे पैसे घेतो, बाकीचे सरकारच्या पदरात टाकतो आणि मग मालकीसाठी हट्ट धरतो. कंपनीला ते लबाडीचे वाटते, आणि आपल्याला तिचे म्हणणे लबाडीचे वाटते.

खरेदीविषयी एवढेच सांगते. आमच्या विद्यापीठाने प्रायोजित प्रकल्पांसाठी वेगळे खाते उघडले आणि ठरावीक रकमेपर्यंत प्रकल्पप्रमुखाच्या सहीने खरेदीची मुभा दिली. कायदा बदलावा लागला नाही, व्यवस्थापन परिषदेचा एक ठराव पुरला. मात्र तो मंजूर होण्यास अकरा महिने लागले, तेव्हा आजच अर्ज टाकावा.

धोरण_वाचक

वरील दोन्ही उत्तरांत मी थोडी भर घालतो, कारण ओतकामाचा उल्लेख वाचून मला अर्जेंटिना आठवला. तेथील अणुऊर्जा आयोगाच्या धातुशास्त्र विभागाची उभारणी होर्हे साबातो यांनी केली. त्या विभागाने 1961 साली धातू उद्योजकांच्या संघटनेबरोबर उद्योगांना तांत्रिक साहाय्य देणारी सेवा सुरू केली. कारखान्यांनी आपल्या अडचणी घेऊन यायचे आणि शास्त्रज्ञांनी त्या सोडवताना शिकायचे, असा तो व्यवहार होता. 1968 मध्ये साबातो आणि नातालिओ बोताना यांनी सरकार, उत्पादन व्यवस्था आणि विज्ञान-तंत्रज्ञान व्यवस्था या तीन शिरोबिंदूंचा त्रिकोण मांडला. लॅटिन अमेरिकेत त्याला आजही साबातोचा त्रिकोण म्हणतात. त्यातली भेदक गोष्ट त्रिकोणाच्या बाजूंविषयी नाही, बाहेर जाणाऱ्या रेषांविषयी आहे. शास्त्रज्ञ परदेशातील विज्ञानकेंद्रांशी बांधलेला, कारखाना परदेशी परवान्याशी बांधलेला आणि शेजारी असून दोघांत रेषा नाही. आपल्या प्रश्नातील 'समुद्रापलीकडची परवानगी' आणि 'शोधनिबंधांची संख्या' ही त्याच दोन रेषांची नावे आहेत.

1990 साली वेस्ली कोहेन आणि डॅनिएल लेव्हिन्थाल यांनी कंपन्यांच्या ग्रहणक्षमतेचा विचार मांडला: बाहेरचे ज्ञान ओळखून वापरण्याची ताकद कंपनीच्या स्वतःच्या आधीच्या ज्ञानावर अवलंबून असते. 'नोंदवही ठेवणारा अभियंता' ही भट्टीजवळचा यांची कसोटी म्हणजे तीच गोष्ट, फक्त अधिक वापरण्याजोगी. जेथे असा माणूसच नाही, तेथे सरकारने कितीही अनुदान दिले तरी ते झिरपून जाते.

पैशाच्या रचनेबाबत जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थांचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्यांच्या संशोधनाच्या पैशाचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग सरकारकडून पायाभूत निधी म्हणून, एक तृतीयांश स्पर्धेतून मिळवलेल्या सार्वजनिक प्रकल्पांतून आणि एक तृतीयांश उद्योगांकडून येतो. आपल्याकडचे धोरणकर्ते यातील शेवटचा तृतीयांश तेवढा उचलतात आणि विद्यापीठांना 'उद्योगांकडून पैसे आणा' असे सांगतात. पहिल्या तृतीयांशाशिवाय तो शेवटचा उभा राहत नाही, हे सोयीस्करपणे विसरले जाते. ब्राझीलमध्ये 2013 साली सुरू झालेल्या एम्ब्रापी या संस्थेने हीच कल्पना प्रकल्पाच्या पातळीवर आणली. निवडलेल्या संशोधन केंद्रांना पैसा आधीच दिलेला असतो, त्यातून प्रकल्पाच्या खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा भागतो आणि उरलेला कंपनी व केंद्र मिळून उचलतात. कंपनी दारात आली की प्रस्ताव मंत्रालयात पाठवून निकालाची वाट पाहावी लागत नाही. माझ्या मते यातला पैसा दुय्यम आहे, वाचलेला वेळ महत्त्वाचा.

छोट्या कंपन्यांसाठी नेदरलँड्सने 2004 साली एक प्रयोग केला. छोट्या उद्योगांना संशोधन संस्थेकडे प्रश्न नेण्यासाठी कुपने दिली, आणि मागणी जास्त असल्यामुळे ती सोडत काढून वाटली. सोडतीमुळे कुपन मिळालेल्या आणि न मिळालेल्या कंपन्यांची तुलना करता आली, आणि दर दहा कुपनांपैकी आठ कुपनांमागचे काम त्यांच्याशिवाय संस्थेकडे गेलेच नसते, असे दिसून आले. त्यातून दीर्घकालीन नाती किती जुळली हा वेगळा प्रश्न आहे. तरीही आपल्या विद्यापीठाला स्वतःच्या निधीतून दहा-वीस कुपने काढता येतील आणि त्यासाठी मंत्रालयाचे तोंड पाहावे लागणार नाही.

दक्षिण कोरियाचे नाव आता कोणी ना कोणी घेईलच, म्हणून आधीच लिहितो. 1966 साली तेथे उद्योगांसाठी कराराने संशोधन करणारी किस्ट ही संस्था स्थापन झाली, पण सुरुवातीच्या वर्षांत तेथील कंपन्याही तयार परदेशी तंत्रज्ञानच पसंत करत. संस्था काढली आणि कारखाने रांगेत उभे राहिले, असे तेथेही घडले नाही.

शोधछात्रा

चर्चेत पीएचडी करणारी व्यक्ती आतापर्यंत फक्त खर्चाच्या बाजूला आली आहे, म्हणून लिहीत आहे. माझा प्रबंध एका कारखान्याच्या आकडेवारीवर उभा आहे. दुसऱ्या वर्षी माझ्याशी संबंध असलेल्या व्यवस्थापकांची बदली झाली, नव्या व्यवस्थापकांना माझे नावही ठाऊक नव्हते आणि पाच महिने मला फाटकाच्या आत जाण्याचा पास मिळाला नाही. शिष्यवृत्तीचे घड्याळ मात्र चालूच होते. करारात कंपनीच्या बाजूची दोन नावे असावीत आणि एकाची बदली झाल्यास दुसऱ्याने काम पुढे न्यावे, एवढे एक वाक्य असते तर ते पाच महिने वाचले असते.

दुसरे म्हणजे गोपनीयता आणि मौखिक परीक्षा यांचा मेळ आधीच घालावा. आम्ही तापमान, वेग आणि दाब यांचे खरे आकडे न देता प्रमाणांच्या रूपात, म्हणजे कमाल मूल्याला एक मानून आलेख काढले. परीक्षकांना कल समजले आणि कंपनीची कृती उघड झाली नाही. हा तोडगा मार्गदर्शकांना शेवटच्या महिन्यात सुचला. पहिल्या महिन्यात सुचला असता तर चौदा आलेख पुन्हा काढावे लागले नसते.

फ्रान्समध्ये 1981 पासून सिफ्र नावाची योजना आहे. तीत पीएचडी करणारी व्यक्ती तीन वर्षे कंपनीची पगारी कर्मचारी असते, कंपनीला त्यासाठी सरकारी साहाय्य मिळते आणि प्रबंधाची जबाबदारी सार्वजनिक प्रयोगशाळेकडे राहते. सर्व काही तसेच आणता येणार नाही, परंतु विद्यार्थिनीला कारखान्यात पाहुणी न समजता कर्मचाऱ्याचे ओळखपत्र द्यावे, याला कोणत्याही योजनेची गरज नाही. ओळखपत्र असले की कामगार आपणहून बोलू लागतात. करार_कक्ष यांच्यासाठी: हो, मीसुद्धा फाटकावरच्या वहीत न वाचताच सही केली होती.

समन्वयक_नवा

सर्वांचे आभार. वरील उत्तरे मी दोनदा वाचली आणि काल कपाटातील सात करार काढून पाहिले. एकाही करारात कंपनीच्या तांत्रिक माणसाचे नाव नाही. सातही ठिकाणी मनुष्यबळ विभागाचा पत्ता आहे, म्हणजे आम्ही आमचा प्रश्न प्रथमपासून प्रशिक्षणाच्याच दारात नेऊन ठेवत होतो.

आमच्या तपासणी प्रयोगशाळेचे गेल्या दोन वर्षांचे रजिस्टर मागवून घेतले. त्यात एका पंप बनवणाऱ्या कारखान्याकडून एकाच प्रकारचा तुटलेला शाफ्ट नऊ वेळा तपासणीला आला आहे. नऊही अहवालांत कठिणतेचे आकडे आहेत, सर्व मर्यादेत आहेत आणि शेरा 'समाधानकारक' असा आहे. शाफ्ट नऊ वेळा तुटला आणि आम्ही नऊ वेळा समाधान व्यक्त केले. नमुने पाठवणाऱ्याची सही प्रत्येक पावतीवर एकच आहे. बहुधा हाच तो कोपऱ्यातला माणूस असावा. पुढील आठवड्यात तंत्रज्ञांना घेऊन त्यांच्याकडे जायचे ठरवले आहे. खरेदीच्या ठरावाचा मसुदाही आजच कुलसचिवांकडे दिला.

एकच शंका उरली. पहिल्या भेटीला जाताना गोपनीयता कराराचा कागद बरोबर न्यावा का? आमचे विधी अधिकारी अकरा पानांचा मसुदा देत आहेत.

भट्टीजवळचा

अकरा पाने नेऊ नका. पहिल्या भेटीत तुटलेले शाफ्ट मागून घ्या, तुकडे एकमेकांना घासू देऊ नका आणि तुटलेला पृष्ठभाग कोणी पुसण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्या. त्यावर शिंपल्यासारख्या रेषा दिसल्या तर तो फटिगने, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने हळूहळू तुटला आहे, आणि त्या रेषा जेथून सुरू होतात ती जागा पाहा. चावीच्या खाचेचा कोपरा किंवा व्यास बदलतो तेथील खांदा असेल. तसे असेल तर कठिणता नऊ वेळा बरोबर येणे साहजिक आहे.

करार_कक्ष

विधी अधिकाऱ्यांना एका पानाचा मसुदा मागा: काय दाखवले, कोणाला दाखवले, किती काळ बोलायचे नाही. त्यात शोधांच्या हक्कांविषयी एक शब्दही नको. आणि तेथील फाटकावरच्या वहीत काय लिहिले आहे ते सही करण्यापूर्वी वाचा. शक्य झाल्यास त्या पानाचे छायाचित्र मला पाठवा.